तोट्यात घर विकले, बदलीच्या गावी नवे कधी घ्यावे?

अमेरिकेतील ‘शॉर्ट सेल’ आणि त्यानंतरची घरखरेदी

मुंबई, पुणे, मालेगाव आणि कोकणातील कितीतरी घरांतली मुले आज अमेरिकेत नोकरी-धंदा करीत आहेत. तिकडे चार-पाच वर्षांत जम बसला की मुलगा घर घेतो आणि ते बहुतेक कर्जावरच घेतलेले असते. पुढे कंपनी दुसऱ्या राज्यात बदली करते, किंवा चांगली नोकरी हजार मैलांवर मिळते. घर विकायला काढावे तर बाजार उतरलेला आणि कर्जाची बाकी घराच्या किमतीपेक्षा जास्त. अशा वेळी तो इकडे वडिलांना, चुलत्यांना किंवा मामूंना फोन करून विचारतो, “आता काय करू?”

आपण व्यापारी माणसे. भाव पडल्यावर काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. परंतु तिकडचे नियम वेगळे आहेत आणि ते ठाऊक नसताना दिलेला सल्ला मुलाला तीन-चार वर्षे मागे नेऊ शकतो. म्हणून हा विषय तपशिलाने मांडत आहे.

शॉर्ट सेल म्हणजे काय?

कापडबाजारात एखाद्या व्यापाऱ्याने उधारीवर माल उचलला आणि मध्येच भाव कोसळले, तर तो आढत्याकडे जाऊन म्हणतो, “माल विकून जे आले ते घ्या, बाकीचे सोडा आणि खाते मिटवा.” आढत्या नाराज होतो, पण दिवाळे निघण्यापेक्षा हे बरे म्हणून कबूल करतो. शॉर्ट सेल हाच व्यवहार आहे. फरक इतकाच की येथे आढत्याच्या जागी बँक असते आणि तोंडी शब्दाला काडीची किंमत नसते.

समजा, कर्जाची बाकी ३,००,००० डॉलर आहे आणि घराला गिऱ्हाईक २,५०,००० चे आले. दलाली व इतर खर्च १५,००० गेला, म्हणजे बँकेच्या हाती २,३५,००० पडले. ६५,००० ची तूट राहिली. बँकेने लेखी मंजुरी दिली तरच ही विक्री होते, कारण गहाणाचा बोजा उठवणे बँकेच्या हाती असते. घरावर दुसरे कर्ज असेल तर त्या दुसऱ्या धनकोचीही संमती लागते आणि पुष्कळ सौदे तेथेच अडतात.

हप्ते थकून बँकेने घर जप्त करून विकले तर त्याला फोरक्लोजर म्हणतात. शॉर्ट सेलमध्ये मालक स्वतः गिऱ्हाईक आणतो, स्वतः सही करतो आणि इज्जतीने बाहेर पडतो. पुढच्या कर्जाच्या दृष्टीनेही हे बरे असते. उदाहरणार्थ, फॅनी मे या संस्थेच्या नियमाने फोरक्लोजरनंतर साधारणपणे सात वर्षे थांबावे लागते, तर शॉर्ट सेलनंतर चार वर्षे.

अमेरिकेत घरांचे भाव २००६ मध्ये शिखरावर होते. तेथून ते २०१२ पर्यंत घसरले. लास वेगास आणि फीनिक्स या शहरांत तर निम्म्याहून जास्त किंमत गेली. त्या काळात शॉर्ट सेल ही रोजची गोष्ट झाली होती. पुढे भाव चढले आणि हा प्रकार कमी झाला. परंतु तो संपला असे समजू नये. २०२२ नंतर व्याजाचे दर चढले आणि टेक्सासमधील ऑस्टिनसारख्या काही शहरांत भाव उतरले. शिखरावर, थोडेसे डाउन पेमेंट भरून ज्याने घर घेतले आणि ज्याची आता बदली झाली, त्याच्यापुढे हा प्रश्न आजही उभा आहे.

बदलीचे कारण कोठे चालते आणि कोठे नाही

या लेखातील मुख्य मुद्दा हाच आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा.

अमेरिकेतील बहुतेक गृहकर्जांच्या मागे मोठ्या संस्था उभ्या असतात. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्था बँकांकडून कर्जे विकत घेतात. एफएचए हे सरकारी खाते कर्जाला विम्याची हमी देते. बँक फक्त दुकान चालवते, नियम या संस्थांचे असतात.

पूर्वी पंचाईत अशी होती की हप्ते थकल्याशिवाय बँक शॉर्ट सेलचा अर्ज हाती घेत नसे. १ नोव्हेंबर २०१२ पासून फॅनी मे आणि फ्रेडी मॅक यांच्या कर्जांसाठी नियम बदलले. मृत्यू, घटस्फोट, अपंगत्व किंवा दूरच्या गावी नोकरीनिमित्त जाणे, यांपैकी कारण असेल तर हप्ते वेळेवर भरत असलेल्या माणसालाही शॉर्ट सेल करता येईल, असे ठरले. ‘दूर’ म्हणजे पन्नास मैलांपेक्षा जास्त. म्हणजे घर विकण्यासाठी बदली हे मान्य कारण झाले.

आता दुसरी बाजू पाहा. नवे घर घेताना तोच माणूस एफएचएच्या कर्जासाठी गेला, तर तेथील नियम सांगतो की शॉर्ट सेलनंतर साधारणपणे तीन वर्षे थांबावे लागेल. कमावत्या माणसाचा मृत्यू किंवा गंभीर आजार यांसारख्या आपत्तीत मुदतीत सूट मिळू शकते. परंतु बदली झाली म्हणून घर विकता आले नाही, ही आपत्ती मानली जात नाही, असे त्या नियमात स्पष्ट लिहिले आहे.

फॅनी मे आणि फ्रेडी मॅक यांची मुदत चार वर्षांची. अचानक आणि दीर्घकाळ उत्पन्न घटले किंवा खर्चाचा डोंगर कोसळला, आणि हे आपल्या हातचे नव्हते असे कागदांनी सिद्ध केले, तर ती दोन वर्षांवर येऊ शकते. नोकरीतून कमी केल्याचे पत्र येथे उपयोगी पडते. पगारवाढीसह झालेली बदली मात्र या व्याख्येत बसत नाही.

म्हणजे बदलीचे पत्र तुम्हाला जुन्या घरातून बाहेर काढते, पण नव्या घराचे दार लवकर उघडून देत नाही. पुष्कळ लोक या दोन गोष्टी एकच समजतात आणि नव्या गावी इसार देऊन बसल्यावर त्यांना नकार मिळतो.

हप्ते थांबवण्याचा सल्ला ऐकू नका

एफएचएच्या नियमात एक मोकळी वाट मात्र आहे. विक्रीच्या आधीच्या बारा महिन्यांत घराचे सर्व हप्ते ज्या-त्या महिन्यात भरलेले असतील, आणि गाडी वगैरे इतर कर्जांचे हप्तेही तसेच भरलेले असतील, तर तीन वर्षांची अट लागू होत नाही.

दोन माणसांचे उदाहरण घेऊ. दोघेही फीनिक्सला राहतात, दोघांचीही कर्जे फॅनी मेची आणि दोघांचीही बदली डॅलसला झाली. पहिल्याला कोणीतरी सांगितले, “हप्ता बंद कर, म्हणजे बँक लवकर ऐकेल.” त्याने पाच महिने हप्ते भरले नाहीत. हप्ता १,८०० डॉलरचा धरला तर त्याचे ९,००० डॉलर तात्पुरते वाचले. दुसऱ्याने ओढाताण करून शेवटपर्यंत सर्व हप्ते भरले आणि बदलीच्या कारणावर अर्ज केला. दोघांची घरे एकाच दिवशी विकली गेली. फॅनी मेच्या नव्या कर्जासाठी दोघांनाही चार वर्षे थांबावेच लागेल. परंतु एफएचएचे दार दुसऱ्याला लगेच उघडे आहे आणि पहिल्याला तीन वर्षे बंद. शिवाय पहिल्याच्या नावावर पाच थकीत हप्त्यांची नोंद बसली, ती निराळीच.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. २००९ च्या एफएचएच्या परिपत्रकात असे म्हटले होते की पडत्या बाजाराचा फायदा घेऊन जुने घर बँकेच्या माथी मारायचे आणि जवळपासच तसेच किंवा त्याहून चांगले घर स्वस्तात घ्यायचे, असा ज्याचा बेत असेल त्याला कर्ज मिळणार नाही. खरोखर दूर बदली झालेल्या माणसाला याची भीती नाही. पण बदलीचे पत्र, नव्या कचेरीचा पत्ता आणि रुजू झाल्याची तारीख हे सर्व त्याच्या फायलीत असले पाहिजे.

तिकडे अडलेल्या कर्जदारांना ‘मदत’ करणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत. २०१० मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने नियम केला की अशा कंपन्यांनी काम होण्याआधी फी घेऊ नये, आणि हप्ते थांबवण्याचा सल्ला दिला तर घर जाण्याचा व पत बिघडण्याचा धोकाही सांगावा. आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. सरकारमान्य गृहसल्लागार तिकडे मोफत किंवा अल्प शुल्कात भेटतात, त्यांच्याकडे जावे.

अर्ज आणि मंजुरीपत्र

बँकेकडे अर्ज करताना एक कैफियत लिहून द्यावी लागते. तीत बदली कधी झाली, कोठे झाली, कंपनी खर्च किती देते आणि घर का परवडत नाही, हे थोडक्यात व खरे लिहावे. सोबत पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रे आणि बदलीचे पत्र जोडावे. कंपनी स्थलांतरासाठी रक्कम देत असेल तर ती लपवू नये. बँक त्याचा कागद मागतेच. खरे तर शॉर्ट सेलकडे वळण्याआधी कंपनीलाच विचारावे की तोट्याचा काही भाग तुम्ही उचलता का. काही मोठ्या कंपन्या उचलतात, आणि मग पूर्ण कर्ज फेडून नेहमीची विक्री होऊ शकते.

आपल्या लोकांना एक मोह होतो. “मेहुण्याच्या नावावर घेऊ, घर घरातच राहील.” असे करू नये. विकणारा आणि घेणारा यांचे नाते नाही, आणि आतून कसलाही करार नाही, असे प्रतिज्ञापत्र दोघांकडून घेतले जाते. खोटी सही केली तर प्रकरण फसवणुकीत जाते.

मंजुरीपत्र हाती आले की त्यातील एक ओळ आधी शोधावी. उरलेली रक्कम कायमची सोडली आहे, की फक्त गहाण सोडून वसुलीचा हक्क राखून ठेवला आहे? आपल्याकडे पावतीवर ‘बाकी शून्य’ लिहून घेतल्याशिवाय कोणी खाते मिटले असे मानत नाही. तोच कायदा येथे लावावा. कॅलिफोर्नियात २०११ पासूनच्या कायद्याने, चारपर्यंत बिऱ्हाडांच्या निवासी घरांच्या बाबतीत, लेखी संमतीने शॉर्ट सेल झाल्यावर बाकीची वसुली धनकोला करता येत नाही. पण हा त्या राज्याचा कायदा आहे. इतर राज्यांत मंजुरीपत्रातील शब्दच आपला आधार. म्हणून सही करण्याआधी त्या राज्यातील वकिलाला ते पत्र दाखवावे. चारशे-पाचशे डॉलर वाचवण्यासाठी ६५,००० चा तगादा मागे ठेवण्यात अर्थ नाही.

सोडलेल्या रकमेवरील कर

हा मुद्दा ऐकून आपल्या लोकांना नवल वाटते. बँकेने जी रक्कम सोडली ती तिकडच्या आयकर खात्याच्या नजरेत तुमचे उत्पन्न ठरू शकते. बँक १०९९-सी नावाचा फॉर्म पाठवते आणि त्याची एक प्रत आयकर खात्यालाही जाते. राहत्या घराच्या बाबतीत २००७ मध्ये खास सूट देणारा कायदा झाला आणि तो वेळोवेळी वाढवला गेला. पण ती मुदत २०२५ अखेरपर्यंतची होती, आणि १ जानेवारी २०२६ पूर्वी लेखी ठरलेल्या व्यवहारांपुरताच तिचा आधार राहिला.

दुसरी एक सूट कायमची आहे. कर्ज माफ होण्याच्या क्षणी तुमची एकूण देणी एकूण मालमत्तेपेक्षा जितकी जास्त होती, तितकी रक्कम उत्पन्नातून वगळता येते. त्यासाठी ९८२ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्या दिवशीच्या येण्या-देण्याचा ताळेबंद तयार ठेवावा लागतो. हे काम जाणत्या हिशेबनिसाकडून करून घ्यावे, आणि ते विक्रीच्या आधी विचारावे, विवरणपत्र भरण्याच्या वेळी नव्हे.

नव्या गावी पत पुन्हा कशी बांधावी

शॉर्ट सेलची प्रतिकूल नोंद क्रेडिट रिपोर्टवर सात वर्षांपर्यंत राहू शकते. एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्था ही वही ठेवतात. विक्रीनंतर दोन-तीन महिन्यांनी तिन्ही रिपोर्ट मागवावेत. ते मोफत मिळतात. ‘पूर्ण रकमेपेक्षा कमीत मिटवले’ असे लिहिले असेल तर ते बरोबर आहे. पण चुकून फोरक्लोजर लिहिले गेले असेल तर लगेच लेखी तक्रार करावी, नाही तर चारऐवजी सात वर्षांची मुदत गळ्यात पडते. अशा चुका मंदीच्या काळात पुष्कळांच्या बाबतीत झाल्या होत्या.

पहिले वर्षभर भाड्याने राहावे, हा माझा सल्ला मोकळी वाट असलेल्यालाही आहे. नवे गाव, नवी नोकरी, मुलांची शाळा, मशिदीचे अंतर, रस्त्यावरची वर्दळ, हे सर्व वर्षभरात कळते. भाडे नेहमी बँकेमार्फत द्यावे, रोख देऊ नये. २०२१ पासून फॅनी मे आपल्या तपासणीत वेळेवर भरलेल्या भाड्याचा इतिहासही जमेस धरते. रोख दिलेल्या भाड्याला साक्षीदार नसतो. घरमालकही भाड्याने देण्याआधी क्रेडिट रिपोर्ट पाहतो, म्हणून त्याला शॉर्ट सेलची हकीकत आधीच सांगून मंजुरीपत्राची प्रत द्यावी.

नोकरदाराला नव्या पगाराच्या स्लिपा मिळाल्या की उत्पन्न सिद्ध करता येते. स्वतःचा धंदा करणाऱ्याचे तसे नाही. नव्या गावी दुकान टाकले तर बँका साधारणपणे दोन वर्षांची विवरणपत्रे पाहतात. तेव्हा व्यापारी बांधवाने दोन वर्षांची ही मुदत आणि शॉर्ट सेलची मुदत बरोबरच चालू करावी. म्हणजे पहिल्या दिवसापासून विक्री पक्क्या बिलावर दाखवावी. कर वाचवण्यासाठी नफा कमी दाखवला तर तोच कमी नफा पुढे कर्जाच्या वेळी आडवा येतो.

मुदत मोजताना घर सोडल्याची तारीख धरू नये. विक्री पूर्ण होऊन मालकी नव्या माणसाच्या नावावर गेली, ती तारीख धरतात. त्या दिवशीचा हिशेबाचा कागद जपून ठेवावा. मुदत संपल्यावर एफएचएच्या कर्जात ५८० किंवा अधिक क्रेडिट स्कोअर असल्यास किमान साडेतीन टक्के डाउन पेमेंट लागते. काही बँका स्वतःची याहून कडक अट लावतात. एकीने नकार दिला तर दुसरीकडे विचारावे.

मुदत न पाहता कर्ज देणारे खासगी धनकोही आहेत. त्यांचे व्याज जास्त आणि डाउन पेमेंट मोठे असते. अगदी अडल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

व्याज टाळू इच्छिणाऱ्यांसाठी

व्याजाचे कर्ज नको म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेत भागीदारीच्या तत्त्वावर घर घेऊन देणाऱ्या कंपन्या आहेत. घर दोघांचे मिळून घेतले जाते आणि माणूस हळूहळू कंपनीचा हिस्सा विकत घेतो. परंतु तेथे पत पाहिली जात नाही, असा गैरसमज करून घेऊ नये. फ्रेडी मॅक असे करारही विकत घेते. जेथे तिचा पैसा आहे तेथे तिची चार वर्षांची मुदतही येते. अर्ज करण्याआधी कंपनीला शॉर्ट सेलबद्दल स्पष्ट विचारावे.

आपल्याकडील हिशेब

हा विषय फक्त परदेशाचा आहे असे समजू नये. आपल्याकडे बँकेशी तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवले तर सिबिलच्या रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढची बँक तो पाहून हात आखडता घेते. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत अशा तडजोडीनंतर त्या बँकेने किमान बारा महिने नवे कर्ज देऊ नये. लूम किंवा दुकानाच्या कर्जाची तडजोड करणाऱ्या बांधवांनी हे आधी पाहावे.

कोणते कागद जपावेत

तिकडे राहणाऱ्या मुलाला पुढील कागद एका फायलीत ठेवायला सांगावे: बदलीचे पत्र, विक्रीच्या आधीच्या बारा महिन्यांचे सर्व हप्ते भरल्याचे पुरावे, इतर कर्जांच्या पावत्या, बँकेचे मंजुरीपत्र, दुसऱ्या धनकोचे संमतीपत्र, विक्रीच्या दिवशीचा हिशेब, १०९९-सी फॉर्म, आणि नव्या गावातील भाड्याच्या पावत्या. जुने कर्ज फॅनी मेचे होते, फ्रेडी मॅकचे की एफएचएच्या हमीचे, हेही त्यावर लिहून ठेवावे, कारण पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

आणि पुढच्या वेळी फोन आला तर इकडच्या वडीलधाऱ्यांनी एकच विचारावे, “हप्ते चालू आहेत ना?” चालू असतील तर ते चालूच ठेवायला सांगावे. कमी पडत असतील आणि आपल्याला शक्य असेल तर चार-सहा महिन्यांचा हातभार लावावा. त्या वेळी दिलेल्या थोड्या रकमेमुळे मुलाची तीन वर्षे वाचू शकतात.